गरम पाण्याची चाचणी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा. माझ्याआधी घरात कोणी कॉलेज पाहिले नव्हते. मला तिथे पोचवले सरांनी.

सिंगापूरला मी बाळाच्या दुधाच्या बाटल्यांना आतून नॅनो चांदीचा लेप देणाऱ्या छोट्या कंपनीत लागलो. नॅनो म्हणजे अतिशय बारीक; चांदीचे असे कण जंतू मारतात. पण ते सुटून पोटात गेले तर काय करतात, हे आम्हाला नीट ठाऊक नव्हते. म्हणून लेप टिकतो का, हे मी तपासत असे. साध्या पाण्यात टिकला. उकळत्या पाण्यात सुटला.

माझे वरिष्ठ पुण्याचे. मी त्यांना दादा म्हणायचो. यिशुन भागातल्या त्यांच्या घरी माझे रविवारचे जेवण असे. "विकण्याआधी लेप बदलू," ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. बाटल्या बाजारात आल्यावर पहिली सरांच्या नातीसाठी पाठवली.

पुढे एकदा तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवताना सहज विचारले, "दादा, नवा लेप माझ्याकडे तपासायला आलाच नाही?"

"नवा कुठला? तोच आहे."

"तो गरम पाण्यात सुटतो. आपल्याकडे बाटली उकळूनच घेतात."

"अरे, तुझं उष्टावण चांदीच्या वाटीनेच झालं ना? काय झालं तुला?"

"आमच्याकडे स्टीलची होती."

"तरीच एवढा घाबरतोस." ते हसले.

"वाटीतली चांदी अशी दुधात उतरत नाही, दादा."

"अहवालात साध्या पाण्याची चाचणी आहे. खाली सही तुझी आहे. खा, नूडल्स गार होतायत."

मी सही केल्यावर माझ्या दोन चाचण्यांपैकी त्यांनी अहवालात एकच ठेवली होती. मी नूडल्स बाजूला सारून उठलो.

सरांना फोनवर नीट ऐकू येत नसे. तिथूनच त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर पत्र पाठवले:

"आदरणीय सर, शिरसाष्टांग नमस्कार. मी पाठवलेली बाटली आत्तापासून बाळाला देऊ नका. उकळली की तिच्यातली चांदी सुटते. अपाय होईलच असे नाही. होणार नाही असेही सांगता येत नाही. मला हे चाचणीत दिसले होते. ज्यांना घरचे मानले त्यांनी ते दडवले आणि माझी सही पुढे केली. उद्या दोन्ही चाचण्यांचे निकाल इथल्या सरकारी कार्यालयात देतो. मग नोकरी राहणार नाही, इथे राहून काम करायचा पासही नाही. बाटली फेकू नका, वेगळी ठेवा. तपासायला लागेल. आपला विद्यार्थी."