वाऱ्याच्या चार फ्लॉप्या

संशोधनासाठी माझ्याकडे ढग होते, तेही खोटे. पुण्याच्या मोठ्या संगणकावर गणितानं बनवलेले वायूचे ढग. काहींत नवे तारे ठेवून त्यांच्यातून उसळणारा वायू, म्हणजे त्यांचा वारा, सोडलेला, काहींत तारेच नाहीत. चित्रं पाहून दोन्हींतला फरक कुणाच्या बापाला कळला नसता. कुठलं संख्याशास्त्रीय माप लावलं की वारा पकडता येतो, एवढंच मला शोधायचं होतं. त्यात तीन वर्षं घातली होती.

दसऱ्यासाठी शिरपूरजवळच्या आमच्या गावी आलो तेव्हा वारा सोडलेल्या ढगांचे आकडे चार मोठ्या फ्लॉप्यांत भरून आणले. धुळ्याच्या एका कॉलेजातले ओळखीचे सर संगणक वापरू देणार होते. पुण्याच्या मशीनवर जागा पुरेना म्हणून तिथले हे आकडे मी स्वतःच्या हातानं पुसले होते. दुसरी प्रत काढली नव्हती. एवढं माझं शहाणपण!

खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून आलो, तर विळे, पाभर आणि वडिलांचा फवारणीचा पंप यांच्या रांगेत पाटावर माझ्या फ्लॉप्या. पाकिटातून काढलेल्या. त्या फ्लॉप्यांना एक लांबट खिडकी असायची, तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसायची. आईला तेच कपाळ वाटलं असणार. प्रत्येकीला नेमकं तिथेच, ओल्या बोटानं हळद-कुंकू.

"बठ्ठास्नी पूजा व्हयनी," सगळ्या रांगेवरून हात फिरवत ती कौतुकानं म्हणाली, "तुना हत्यारस्नी बी करी टाकी."

मी पुसायला गेलो आणि कुंकू आणखीच पसरलं. धुळ्याला पहिली फ्लॉपी घातल्याबरोबर मशीन खरखरलं. सरांनी दुसरी घालूच दिली नाही. बिनवाऱ्याचे ढग पुण्यात सुखरूप होते, पण आता त्यांची तुलना कशाशी करणार? तिथल्या मशीनवर पुन्हा वेळ मिळायला वर्ष लागणार होतं आणि माझी शिष्यवृत्ती मार्चमध्येच संपत होती. परतताना एसटीत मला अक्षरशः रडू फुटलं.

घरी आलो आणि बोलून गेलो, "तीन वरीसनं काम गयं, माय. तुना कुंकूमुये."

प्रत न काढणारा मी होतो. बोलता बोलताच ते कळत होतं, तरी तोंड थांबेना. त्याची आजही लाज वाटते. त्यानंतर माझ्या कुठल्याच वस्तूला आईनं हात लावला नाही. माझे कपडेही दोन दिवस दोरीवर तसेच राहिले.

निघताना तिच्या पाया पडायला वाकलो. डोक्यावर हात येईना. वर पाहिलं, तर तिनं दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते.