चारठाण्याचा स्विच आणि माझे बूट

भुतंखेतं, करणी, नवस यातलं मी काहीच मानत नाही. घरचे मला नास्तिक म्हणतात आणि मला त्याचं थोडं कौतुकही वाटतं. तरी हे सांगतोय... हसायचं तर खुशाल हसा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी परभणीला टेलिफोन खात्यात टेक्निशियन. चारठाण्याला नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं होतं – कॉल जोडणारा, कपाटाएवढा एक स्विच. धूळ चालत नाही म्हणून चपला-बूट बाहेर काढायची सक्ती. गावकऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला, चपला काढायच्या म्हणजे देवच असणार. थोड्याच दिवसांत दाराशी हळदकुंकू, उदबत्ती, आणि कुणाचा फोन लागला की नारळ. मी सांगून सांगून थकलो, खोबरं मात्र खात राहिलो.

स्विच अडला की मला एसटीनं धावावं लागे. म्हणून मोडेम जोडून परभणीतूनच त्यात लॉगिन करायचं ठरलं. साहेबांनी बजावलं – "आज जमलं तर ठीक. नाहीतर संध्याकाळच्या बसनं चारठाण्याला जा आणि तिथंच राहा." इकडे माझी बायको सुनंदा दिवस भरलेली, पहिलं बाळंतपण.

दुपारपर्यंत बसलो. मोडेम किंचाळायचा, लाइन जुळायची, पासवर्ड टाकला की स्विच हाकलून द्यायचा. चारठाण्याला स्विचसमोर बसून त्याच पासवर्डनं मी आत शिरलो होतो. केबल बदलली, स्पीड कमी केला... छे.

आमचं क्वार्टर ऑफिसच्या मागंच. सुनंदा चहा घेऊन आली आणि हळूच खुर्चीवर टेकली.

"काय करायलात सकाळपासून?"

मी सगळं सांगितलं. तिनं माझ्या पायांकडं बघितलं.

"तिथं बूट काढून आत जाता न्हवं? मंग हितं घालून कसं घेईल ते?"

"अगं, ते पार जिंतूरच्या पुढं आहे."

"असू द्या की. काढायला काय पैसे पडायलेत?"

तिचं मन राखायला काढले. पासवर्ड टाकला... आणि स्विचनं मुकाट्यानं आत घेतलं.

योगायोग, म्हटलं. बूट घातले, पुन्हा लॉगिन – बाहेर. काढले – आत. साहेबांना बोलावलं. ते बुटासकट बसले – बाहेर. मग दार लोटून त्यांनीही बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता, पण लॉगिन झालं.

साहेबांनी स्क्रीनकडं बघितलं, मग सुनंदाकडं. "बसचं राहू द्या," म्हणाले. "आणि हे कुठं बोलू नका."

पुढं कुणी म्हणालं बुटांमुळं अंगात साठणारी स्टॅटिक वीज, कुणी म्हणालं अर्थिंगचा दोष. परभणीतले बूट चारठाण्याला कसे कळले, ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला कळा सुरू झाल्या. रक्त फार गेलं. डॉक्टर म्हणाले, लगेच रक्त पाहिजे. माझंच जुळलं. दुपारी शेजारच्या खाटेवर मायलेकी गाढ झोपल्या होत्या आणि मी हाताला कापूस दाबून त्यांच्याकडं बघत होतो. मी जर आदल्या संध्याकाळच्या बसनं गेलो असतो तर... या वाक्याच्या पुढं मी आजवर कधी गेलेलो नाही.