आख्खी ओवी

त्या सकाळी मी उखळात भात ओतून भागूची वाट बघत उभी होते. मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते, की मेली आजपण उशीर करते. एवढ्यात तिची सून धावत आली. म्हणाली, "काकी, मुसळ खाली ठेवा. सासूबाय गेल्या वो…" आळीत मढं असलं की आमच्याकडे कुणी उखळ वाजवत नाही. मी माझं मुसळ भिंतीला टेकवलं. तिथे भागूचं मुसळ आधीपासून उभं होतंच. आदल्या दिवशी तिनेच ते तसं ठेवलं होतं.

महिना झाला तिला जाऊन. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि कर्जतच्या शाळेत मास्तर असलेला माझा धाकटा लिहितो. माझं हाय-नाय त्याने नीटनेटकं करून घेतलंय, घेवो बापडा. पण भागूच्या बोलण्याला हात लावलास तर बघ, असं मी त्याला दटावून ठेवलंय. भागू शेत ठेवून गेली नाही की सोनं ठेवून गेली नाही. तिने एक ओवी ठेवली, तीन जोडओळींची, स्वतः रचलेली. ती छापून येईल तर आख्खी येईल, हा तिचा हट्ट होता. आता तो माझा आहे.

आमचं गाव खालापूर आणि साजगावच्या मधलं. आम्ही पोरी होतो तेव्हा आगगाडीच्या कामाला बापे माणसं घाटात दगड फोडायला जात, आणि बाया गावातल्या एका बड्या घरचं भात कांडत. नाव कशाला घ्या, आम्ही त्याला 'मोठं घर' म्हणायचो. त्यांच्याच जमिनी, आमच्या बापांनी कसलेल्या. कांडपाची रीत अशी, की उखळाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. भात सडून, म्हणजे कांडून स्वच्छ करून झालं की आख्खा तांदूळ मोठ्या घरात जायचा, आणि कांडणारीच्या पदरात कणी आणि कोंडा. कणी म्हणजे मुसळाखाली मोडलेले तांदळाचे तुकडे. तीच मजुरी.

भागूची आई तापाने पडली आणि भागूला उखळाशी उभं केलं. दुधाचे दात पडत होते तिचे अजून. समोर मी, तिच्याच वयाची. मुसळं आमच्या डोक्याच्या वर जायची. त्यात ते भात उन्हात जास्तच तापलेलं, कडकडीत झालेलं. मुसळ कुठे आवरून सोडायचं, हे पोरींना काय ठाऊक? दोन्ही हातांनी उचलायचं आणि धाडकन सोडून द्यायचं. सुपात घेतलं तर निम्मी कणीच! मालकीणबाई ओट्यावरून ओरडल्या, "कणी घरी न्यायला मिळते म्हणून मुद्दाम मोडता गं? एवढ्याशा कार्ट्या, आणि लबाडी बघा!" त्या दिवशी कणीसुद्धा दिली नाही. त्यांची मुलगी आमच्याच वयाची, ओट्यावर बसून गूळ-पोहे खात होती. तिचं काय चुकलं म्हणा, पोर ती. पण भागू तिच्याकडे एकटक बघत राहिली. घरी येताना मी रडत होते. भागू एकदम म्हणाली, "चंद्रे, ती पन पोर नि आमी पन पोरी. मग ती बसलेली का गं, नि आमी उभ्या का?"

मी म्हटलं, "देवाला ठाऊक."

"देवाला इचारलंस तू?"

पुढे आमचा हात बसला. दाणा मोडेनासा झाला. मालकीणबाई खूश! आणि आमच्या पदरात कणी चिमूटभर. काम सुधारलं तशी मजुरी घटली. या गोष्टीवर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो, आणि मग भागू हसायची थांबली होती. त्याच सुमाराला ती उखळाच्या ठेक्यावर काहीबाही गुणगुणायला लागली. एक ओळ आज, एक पुढच्या हंगामाला. ओवी अशी वर्षानुवर्षं मुरत गेली.

ती सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकू आली ती मोठ्या घरच्या त्याच मुलीच्या लग्नात. आमच्या भागूचंही लग्न तोवर होऊन गेलं होतं, गावातल्या गावातच दिलेली. हळदीच्या आधी उखळ-मुसळाची पूजा करतात, सवाष्णी कांडतात आणि गातात. भागूचा गळा चांगला, म्हणून मालकीणबाईंनीच तिला मुद्दाम पुढे केलं. पाव्हण्या बाया ओट्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. भागूने देवाची ओवी म्हटली, नवरीची म्हटली. आणि मग…

मुसळ उंच बाई, मी त्याहून ठेंगणी
आख्खा तांदूळ मालकाला, माझ्या पदरी कणी

एका वयाच्या दोघी, एका अंगणात
एक ओट्यावर बसली, एक उभी कोंड्यात

भात पेरला बापानं, सडला त्याच्या लेकीनं
फुकाचा घास गिळला, गादीवरच्या एकीनं

माझ्या हातातलं मुसळ वरच्या वर राहिलं. मालकीणबाईंचा चेहरा लालबुंद. "बंद कर! उद्यापासून या घराची पायरी चढायची नाही!"

भागू म्हणाली, "पायरी कवा चढलो बाईसाहेब? आमी तर अंगणातच उभ्या हाव."

आणि ओवी पुन्हा पहिल्यापासून म्हटली!

त्या दिवसापासून तिचं कांडप बंद. घरात नाचणी होती, वरी होती, तीही संपत आली. साजगावच्या जत्रेतून आणलेली मूठभर सुकट चार माणसांत वाटून खाल्ली तिने. मोठ्या घराकडून निरोप आला, की माफी माग, ओवी टाकून दे, काम देतो. ही हलली नाही. आणि मी? मी दुसरीसमोर उभी राहायला साफ नाही म्हटलं. भागू नसली तर माझं मुसळ चालत नाही म्हटलं. हळूहळू आळीतल्या इतर बायाही काहीबाही सबबी सांगायला लागल्या. कुणाची पाठ धरली, कुणाचं पोर आजारी. ऐन गौरी-गणपतीत मोठ्या घरात भाताची कणगी भरलेली आणि शिजवायला तांदूळ नाही! शेवटी बोलावणं आलं. भागूने अंगणात उभं राहून सांगितलं, "कणी तुमालाच ठेवा. आमाला सुपभर आख्खा तांदूळ मोजा, नाय तर मुसळ हे इथं हाय, तुमीच सडा." मोजावा लागला. तेव्हापासून गावात रीतच बदलली, आजही आख्खाच मिळतो.

दोन-तीन वर्षांमागे शहरातले एक गृहस्थ आले होते, बायकांच्या ओव्या गोळा करून पुस्तक काढणारे. माणूस वाईट नव्हता. ओवी ऐकून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खोटं का बोला. मग म्हणाला, "बाई, पहिल्या दोन सुंदर आहेत. तिसरी तेवढी गाळू या. लोकांना लागेल."

"लागू दे की," भागू म्हणाली. "मला लागलं तवा कुनी गाळलं? ल्हानपनी मोडकी कणी खाल्ली, आता गानं पन मोडून देऊ? आख्खं घे, दादा, नाय तर रिकामा जा. चहा मातुर पिऊन जा."

चहा पिऊन तो रिकामा गेला. मला वाटलं, पुस्तकात नाव यायचं राहिलं, वाईट वाटत असेल हिला. विचारलं तर माझ्यावरच खेकसली. पण मागल्या आजारपणात एकदा माझा हात धरून म्हणाली, "चंद्रे, तुझा मास्तर लिवतो ना गं? त्याला सांग. पन आख्खी." म्हणजे वाटत होतंच. माझी गं भागू…

तर संपादक महाराज, वर ओवीच्या तिन्ही जोडओळी दिल्या आहेत. तिसरी काढायची असेल तर सगळा लेख परत पाठवा. चुलीला उपयोगी पडेल.

तेरावा झाल्यावर मोठ्या घरी कांडपाला बोलावणं आलं. भागूचं मुसळ तिच्या सुनेने उचललं. हाताची पकड जिथे असते तिथे ते झिजून बारीक झालंय, तिथेच सुनेचा हात बसला. ठेका मात्र चुकत होता पोरीचा. मी म्हटलं, "गा, म्हणजे जमेल." पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीच्या तोंडाशी पोर अडखळली, कारण ओट्यावर मोठ्या घरची आताची मालकीण येऊन उभी राहिली होती. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मुसळ वर धरूनच ठेवलं, खाली आणलंच नाही… आणि मग तिने गायली. सासूपेक्षा मोठ्याने गायली!

ओट्यावरून कुणी हूं की चूं केलं नाही. आम्ही भात पाखडलं, आख्खा तांदूळ सुपात मोजून घेतला. ठेका चुकल्यामुळे कणी पुष्कळ झाली होती. ती आम्ही मोठ्या घरच्याच कोंबड्यांना टाकली.