पेटीतली हिरवी चोळी

लग्नाला आठ वर्षं झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. यानं स्त्रीबीज पिकतं, म्हणाल्या. कधी जास्तच बीजं पिकतात, मग पोट फुगतं, ओकाऱ्या होतात, तसं झालं तर लगेच या. मी मान हलवली. मान हलवण्यात मी तोवर तरबेज झाले होते.

शाळेतला शेवटचा तास शिकवून झाला की कसबा बावड्यात एका नर्सबाईंच्या घरी जायचं. त्या कांदा चिरता चिरता उठायच्या, हात धुवायच्या आणि कमरेत सुई टोचायच्या. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. दुखायचं, पण दुसऱ्या कुणाचं तरी दुखावं तसं. रडू येत नव्हतं, देवही आठवत नव्हता.

सासूबाईंना नवऱ्यानं "ताकदीची इंजेक्शनं" एवढंच सांगितलं होतं. शेवटचं झालं आणि चार दिवसांत पोट इतकं फुगलं की परकराची नाडी बांधवेना. सकाळी मोरीत ओकत होते, तर सासूबाई दारात उभ्या. दुपारी त्यांनी दार लोटलं आणि पेटीतून काढलेली हिरव्या खणाची चोळी माझ्या ओटीत घातली. पहिलटकरणीला गुपचूप देतात ती चोरचोळी. डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"लगीन झालं त्याच साली शिवून ठिवलीया," त्या म्हणाल्या. "आत दोन बोटं कापड सोडलंय. अंग भरलं की उसवायचं."

"अहो, पण ही तिसऱ्या महिन्यात देतात ना?"

"आठ वरसं वाट बघितली की! आनि किती बघू?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी सांगितलं नाही. मला एकदा तरी ती चोळी घालायची होती. दोन दिवस घातली, आणि दवाखान्यात जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा नवऱ्यानं रिक्षा आणली.

पोटात पाणी झालं होतं. आठवडाभर दवाखान्यात होते, तिथंच पाळी आली. "ही इंजेक्शनं पुन्हा नकोत, जिवावर बेतेल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान हलवली.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "चोळी आण हिकडं."

मला वाटलं, परत पेटीत जाणार. त्यांनी सुईदोरा घेतला, आतलं दोन बोटं कापड कातरून टाकलं आणि शिवण पक्की केली.

"घाल आता. तुझ्याच मापाची हाय."

दुसऱ्या दिवशी मी ती घालून शाळेत गेले.