रान चाललं हैदराबादला

समजा, तुम्हाला शनिवार-रविवार हैदराबादला जायचंय. जुनं शहर, मोठाली विद्यापीठं आणि हातात दोन दिवस. काय कराल? मोबाईल काढाल, शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीत जागा आहे का बघाल, स्टेशनजवळचं एखादं लॉज धराल, चारमिनारला गर्दी कधी कमी असते ते शोधाल आणि बिर्याणी कुठं खायची यावरून मित्रांशी भांडाल. पाऊण तासाचं काम. आता समजा, तुमच्यासोबत माझे आबा आहेत. मग त्या पाऊण तासाचे पाच दिवस होतात.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, मुंजाबा. वय चौऱ्याहत्तर. पाचोडच्या शिवारात त्यांची वस्ती आहे, पण साठीपर्यंत ते तिथं पावसाळ्यापुरतेच असायचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, गोदावरीच्या काठानं गेवराई, माजलगाव करत थेट परभणीकडं, आणि उन्हाळा संपता संपता परत. एका जागी आठ रात्रींच्या वर मुक्काम नाही. दोनशे मेंढरं होती तेव्हाही त्यांनी कधी मोजली नाहीत. संध्याकाळी कळपावरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायचं, "ती कानतुटी कुठंय?" कोण आहे ते नाही, कोण नाही ते बघायचं. आता चाळीसेक उरलीत, पण नजर तीच.

अशा माणसाला प्रवासाचं नियोजन समजवायला मी बसलो. मी कंप्युटरचा डिप्लोमा केलाय.

कारण होतं शालू, माझी मामेबहीण. हनुमानमामा वाळूजच्या कंपनीत कामाला आणि बिऱ्हाड मुकुंदवाडीत, दोन खोल्यांचं. शालूला हैदराबादच्या एका विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता, भाषाशास्त्राला. देशभरातून वीस जण घेतात, त्यात ही सतरावी. सोमवारी दुपारी बारापर्यंत वेबसाईटवर होकार द्यायचा, नाहीतर जागा पुढच्या नावाला. मामा स्वतः काही ठरवत नव्हता. तो म्हणाला, "आबानं जागा पाह्यली आन् व्हय म्हणला तर जायचं. नाय म्हणला तर इथं काय कमी हाय? लेण्याच्या पायथ्याला एवढं मोठं विद्यापीठ हाय."

आबांनी आधी विषय काय ते विचारलं.

"भाषा," शालू म्हणाली.

"ती तर येती तुला. लई येती. तुझ्या आजीवर गेलीस."

शुक्रवारच्या गाडीसाठी आबा त्याच्या आधीच्या सोमवारीच मुकुंदवाडीत हजर झाले. सोबत बानाबाई, म्हणजे आजी. मेंढरं आबांच्या चुलतभावाच्या, कडुबाच्या हवाली केलेली.

"आबा, गाडी शुक्रवारी आहे," मी म्हणालो.

"लांबची वाट असली की आधी निघावं."

"त्येंला घरात करमत नव्हतं," आजीनं खरं काय ते सांगितलं. "चार दिसापासून नुसतं हैदराबाद, हैदराबाद. आन् मला म्हनतात, तू काहून येती? म्हनलं, तुम्ही निघायच्या आधी माघारी फिरलात तर वळवाय कुणी पायजे ना."

आबांची अडचण चहाच्या वेळी बाहेर आली. पाचोडच्या बाजारात हैदराबादचे व्यापारी येतात, बोकड आणि मेंढे घेऊन जातात. आबांनी चाळीस वर्षं त्यांना माल दिला. त्यांची दखनी बोली आबा असं बोलतात की व्यापारी त्यांनाच विचारतात, चाचा, कौनसे मोहल्ले के? व्यवहार चोख, माणसं चांगली. तरी आबा बशी खाली ठेवून म्हणाले, "माझ्याकडून हैदराबादला गेलेलं एकबी माघारी आलं नाय."

"आबा, ते बोकड होते!" शालू किंचाळली.

"मी कुठं म्हनलो माणसं व्हती? मी एवढंच म्हनलो, आलं नाय."

मी म्हटलं, याच्यावर उपाय म्हणजे माहिती. रात्री बसून एक्सेलमध्ये तक्ता केला, औरंगपुऱ्यात जाऊन रंगीत प्रिंट काढली. मंगळवारी आबांना वाचून दाखवली.

"सकाळी पावणेनऊ, आगमन. नऊ ते साडेनऊ, फ्रेश होणे."

"फ्रेश म्हंजी?"

"तोंड धुणं, आबा."

"त्येला अर्धा घंटा? तोंड केवढं हाय तुझं?"

"साडेनऊ, नाश्ता. दहा वाजता हॉस्टेल बघणे. बारा वाजता चारमिनार."

"ते कशाला?"

"बघायला. चार मिनार आहेत त्याला."

"आपल्या मकबऱ्याला किती हायत?"

"चार."

"वरून मधी घुमट. ते खोडून टाक."

मी खोडलं. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकानेच नव्हते. पाणी विहिरीचं का टाकीचं? ते पिऊन बघायला किती वेळ ठेवलाय? सावली कुठल्या झाडाची? कुत्री भुंकणारी का चावणारी? आणि माणसं शिव्या देतात का?

"आबा, चांगली माणसं आहेत. गोड बोलतात."

"मग अवघड हाय," आबा गंभीर झाले. "जिथली माणसं लई गोड बोलतात, तिथं सकाळी एक मेंढरू कमी भरतं."

तिकिटांचं सांगायचं राहिलं. तिघांची काढली होती, आजी मुकुंदवाडीतच थांबणार होती. आबा आणि शालूची पक्की, माझं वेटिंगवर. आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. "कळपातलं एखादं मागं राहतंच," ते म्हणाले. "त्याच्यासाठी कळप थांबत नाय."

बुधवारी खरा घोळ झाला. शनिवारी पाहुण्यांना हॉस्टेल आतून बघू देतात का, हे विचारायला शालू वॉर्डन मॅडमना फोन लावत होती. आबा म्हणाले, फोन इकडं आण, त्या गावची बोली मला येती. शालूनं स्पीकर लावून फोन दिला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्यात मेंढरं 'बसवतात'. शेतकरी म्हणतो, चार रात्री तुमचा कळप माझ्या रानात बसवा. मेंढरं रात्रभर तिथं बसतात, लेंड्या-मुतानं रान खताळून निघतं, पुढच्या सालाला पीक असं येतं की बघत राहावं. त्या बदल्यात शेतकरी मेंढपाळाला ज्वारी देतो. म्हणजे बसणारा घेतो आणि बसवून घेणारा देतो. आबांचं सगळं आयुष्य या एका हिशोबावर उभं आहे.

"मैं मुंजाबा बोलता, पाचोड से," आबांनी सुरुवात केली. "हमारी बच्ची कू बिठाने का है तुमारे इधर."

"हौ, बिठाओ ना," पलीकडून मॅडम म्हणाल्या. "सीट है. नाम क्या बोले?"

"शालू. कितने दिन बिठाते?"

"दो साल का कोर्स है."

आबांचे डोळे मोठे झाले. दोन साल! आजवर कुणी त्यांना एका जागी आठ रात्रींच्या वर बोलावलं नव्हतं. आजीकडं बघून त्यांनी मान डोलावली, आणि मुद्द्यावर आले.

"दो साल बैठेगी तो तुम देते क्या?"

"हम कायकू देंगे? आप देना पड़ता. हॉस्टेल का, मेस का, सब आप भरना."

आबांनी फोनवर तळहात ठेवला. "ही बाई उलटं बोलती."

"आबा, उलटं नाही—"

"थांब गं." हात काढला. "बाई, बैठेगी हमारी, और दाना बी हमारा?"

"हौ."

"जमीन तुमारी सुधरेगी, और दाना हमारा?"

मॅडम म्हणाल्या, "चाचा, आप शनिवार कू दस बजे आओ. बैठ के बात करेंगे."

"बैठने का तो नाम नक्को लेव अब," असं म्हणून आबांनी फोन शालूच्या हातात दिला आणि पटका सारखा केला.

"जायचं नाय," ते म्हणाले. "बसवूनबी घ्यायचं आन् वर ज्वारीबी मागायची? असल्या रानात मी उभ्या जन्मात कळप नेला नाय. हनुमान आला की सांगतो त्येला."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण शालू हसत नव्हती. आबांनी चेष्टेत काही सांगितलेलं नव्हतं, आणि आबांचं 'नाय' एकदा मामापर्यंत पोहोचलं की संपलं. मामा आजवर आबांच्या शब्दापुढं गेलेला नाही. त्याचं लग्नसुद्धा आबांनी पाणी बघून ठरवलं होतं, मुलीकडच्या विहिरीचं. मामा सहाला कंपनीतून येणार होता. चार वाजले होते.

मी आबांना फी म्हणजे काय, अनुदान म्हणजे काय, शिष्यवृत्ती म्हणजे काय ते सांगायला लागलो. मोबाईलवर तक्ते दाखवले. आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

शालू आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आबांच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"आबा, रानात मेंढरं बसली की खत कुणाला मिळतं?"

"रानाला."

"मेंढरं सकाळी उठून जातात. खत राहतं कुठं?"

"रानातच. त्ये काय पाठीवर घेऊन जातात का?"

"आणि ज्वारी कोण देतं?"

"ज्याचं रान, त्यो. किती येळा सांगू?"

"मग तुम्ही उलटं धरलंय, बाई नाही," शालू म्हणाली. "मी मेंढरू नाही, आबा. मी रान आहे. मेंढरं म्हणजे तिथले मास्तर. दोन वर्षं त्यांचा कळप माझ्यावर बसणार, आणि उठून जाणार. खत माझ्यात राहणार. आता सांगा, ज्वारी कुणी द्यायची?"

आबांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले, परत ठेवला. त्यांचं डोकं तो हिशोब सगळीकडून तपासत होतं, हे दिसत होतं.

"पन रान कुठं चालत जातं का कळपाकडं?" शेवटी त्यांनी विचारलं. "कळप येतो रानाकडं."

उत्तर आजीनं दिलं, शेंगा सोलता सोलता.

"कळपवाले येत नसतील पाचोडला, तर रानानं काय करावं? त्येंची वाट बघत पडीक राहावं? एवढी वर्षं तुम्ही हिंडलात, आता तुमचं रान हिंडंल. तुम्हाला काय, पाय तर तिचे दुखनार."

आबा जोरात हसले. आणि आबा हसले म्हणजे बोलणं मिटलं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सहाला मामा आला तेव्हा आबांनी त्याला एवढंच सांगितलं, "हनुमान, ज्वारी आपुन द्यायची हाय. बरोबर हाय त्या बाईचं."

मामा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, नंतर सांगतो.

पण हे ठरल्यावर माझा तक्ता निकामी झाला. आबांना आता जागा बघायचीच नव्हती. पाणी, सावली, कुत्री, सगळं बाद. "जागा बघायची मेंढरासाठी," ते म्हणाले. "रान द्यायचं तर कळप बघून द्यावा लागतो. रोगट कळप बसला की रान नासतं. मला मास्तर दाखव."

"म्हणजे भेटायचंय?"

"बघायचेत. किती हायत, कसे चालतात. दात बघितले की वय कळतं."

"आबा, दात नाही बघायचे," शालू हात जोडून म्हणाली.

"बोलताना दिसतात तेवढेच बघीन."

मग लक्षात आलं, शनिवार-रविवार विद्यापीठाला सुट्टी. मास्तर नसतात. हे सांगितल्यावर आबांना खरोखर आश्चर्य वाटलं. "दोन दिस? दर आठवड्याला? मग जातात कुठं चरायला?"

शालूनं पुन्हा वॉर्डन मॅडमना फोन केला. या वेळी बाहेर गॅलरीत जाऊन. काय बोलली कुणास ठाऊक, पण पंधरा मिनिटं आतपर्यंत हसण्याचा आवाज येत होता. मॅडमनी तिथल्या एका प्राध्यापकांना शनिवारी अकरा वाजता यायला तयार केलं. त्यांना मेंढपाळांच्या बोलीतच रस होता म्हणे, ते स्वतःहून म्हणाले, आजोबांना जरूर आणा. मी तक्त्यात भरलं, अकरा वाजता, मास्तर बघणे, एक नग.

शुक्रवारी दुपारी माझं तिकीट आरएसी झालं.

"म्हंजी?"

"अर्ध्या बाकावर बसून जायचं, आबा."

"रातभर बसायचं?" आबांना आनंद झाला. "मग रेल्वेकडून ज्वारी मागून घे."

निघायच्या आधी संध्याकाळी आबांनी शालूला बोलावलं आणि म्हणाले, सोमवारचं काय ते बटण आहे ते आत्ताच दाब. मामा म्हणाला, आबा, आधी बघून तर या. आबा म्हणाले, रान नांगरायला घेतल्यावर मुहूर्त बघत नसतात. शालूनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला, तुम्हीच दाबा म्हणाली. आबांनी अंगठा टेकवला. काही झालं नाही. परत टेकवला. साठ वर्षं काठी धरलेला अंगठा, मोबाईलला तो माणसाचा वाटेचना. चौथ्यांदा आबांनी करंगळी वापरली आणि पडद्यावर हिरवी खूण आली. शालूनं मोबाईल छातीशी धरला आणि बॅगेत कपडे भरायला लागली.

मी रिक्षा बघायला निघालो तर आबा दारात, पटका बांधून, पुटपुटत उभे. मास्तरांशी काय बोलायचं ते पाठ करत होते.

"काय विचारणार आहात, आबा?"

"येकच," ते म्हणाले. आत शालूच्या बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला. आबांनी आवाज खाली आणला. "दात-बीत ऱ्हाऊ दे. म्हननार, मास्तरसाब, दो साल झुंड तुमारा बैठेगा, खेत हमारा. मान्य. पन मग फसल किधर आएगी? तुमारे इधर, का हमारे पाचोड में?"