मंगलाताईंची शून्य वर्षं

कुणी आडवी गाडी घातली तरी मंगलाताई हॉर्न वाजवत नसत. काचा बंद, समोरच्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही, तरी त्या मनापासून म्हणत, "जा बाबा, जा. पोट बिघडलं असेल तुझं." मागे बसलेली आमची मुलं खिदळायची. मला गाडी शिकवताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे : "ब्रेक पायाने नाही गं, आधी डोक्यात लागतो."

सिंगापूरला एकाच कॉन्डोत आमची दारं समोरासमोर होती. त्यांचे यजमान श्रीकांतराव जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर, आणि सुट्टीवर आले की बाजूच्या सीटवर बसून डुलक्या. गाडी चालवायच्या त्या मंगलाताईच. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात त्यांना नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेणं-आणणं मंगलाताईंनीच केलं. येताना सासूबाईंना मळमळायचं, म्हणून त्या वळणं इतकी अलगद घेत की सासूबाई म्हणायच्या, "झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं हो."

गाडीला कधी ओरखडा नाही, विमा कंपनीकडे कधी क्लेम नाही. त्यामुळे दर वर्षी हप्त्यात घसघशीत सूट मिळे. श्रीकांतराव फोनवर म्हणत, "बघ, माझं रेकॉर्ड कसं स्वच्छ आहे!"

"आहेच मुळी," म्हणून मंगलाताई हसत. मीही हसे.

पुढे श्रीकांतरावांनी जहाज सोडून मुंबईत नोकरी धरली. इथल्या नियमाप्रमाणे गाडीची मुदत संपली, ती भंगारात गेली. मुलीचं, ईशाचं, कॉलेज संपेपर्यंत मायलेकी इथेच राहणार होत्या. मंगलाताईंनी शिकवण्यांच्या पैशांतून एक लहानशी जुनी गाडी घेतली आणि विमा काढायला मला सोबत नेलं.

एजंट मध्यमवयीन चिनी गृहस्थ होते. मंगलाताईंनी उत्साहाने सांगितलं की गेली कित्येक वर्षं मी गाडी चालवतेय, एकही क्लेम नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मान हलवली. "मॅडम, यू नेम्ड ड्रायव्हर ओन्ली लाह. युअर ओन नो-क्लेम, झीरो."

गाडी कुणीही चालवो, सूट साठते ती पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या, म्हणजे श्रीकांतरावांच्या, खात्यात. मंगलाताई कागदावर नुसत्या चालक; त्यांची विनाक्लेम वर्षं शून्य. मात्र नवऱ्याची संमती असेल तर ती बायकोकडे वळवता येईल, असं त्यांनी समजावलं. मंगलाताईंनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"देतो की!" श्रीकांतराव मोठ्याने हसले. "नवऱ्याची पुण्याई बायकोला लागायचीच. घे, घे." मग एजंटलाही त्यांनी तोच विनोद इंग्रजीत ऐकवला. तेही हसले.

मंगलाताईंचे कान लाल झाले. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. त्यांनी फोन ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "नको. झीरोच लिहा."

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "ताई, घ्यायची होती ना. तुमचीच तर होती."

"माझीच, म्हणून तर नको. दान म्हणून कशी घेऊ?" त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं. "त्यांचा राग नाही आला गं. ते बिचारे खरंच द्यायला निघाले होते. लाज माझी मलाच वाटली. 'आहेच मुळी' म्हणत आले ना इतकी वर्षं!"

ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नाही. ईशाला मात्र सुगावा लागलाच. "आई, जस्ट टेक इट लाह," ती म्हणाली. "पैसे वाचले असते." पुढचे कित्येक महिने गाडीत मंगलाताई फारसं बोलत नव्हत्या. एखादीने "छान चालवता हो" म्हटलं की नवशिक्यासारख्या ओशाळत.

वर्षभराने श्रीकांतराव महिनाभरासाठी आले. रविवारी उबीन बेटावर सायकली चालवायला जायचं ठरलं. बोटीच्या धक्क्यापर्यंत मंगलाताईंच्या गाडीतून आम्ही सगळेच निघालो. पार्किंगमध्ये श्रीकांतरावांनी हात पुढे केला. "आण किल्ली. आज मी चालवतो."

"तुमचं नाव घातलेलं नाही पॉलिसीत," मंगलाताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे चालवता येणार नाही तुम्हाला."

ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय कळायचं ते बहुधा तेव्हा त्यांना कळलं असावं. ते वळसा घालून बाजूच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावू लागले. तो त्यांना चटकन लागेना.

मला वाटलं, मंगलाताईंना आता बरं वाटत असेल. पण किल्ली हातात धरून त्या दाराबाहेरच उभ्या होत्या.

"तू बस पुढे त्यांच्याशी बोलत," त्या मला हलकेच म्हणाल्या. "मला बघवत नाही त्यांच्याकडे."

पण पुढे दोनच सीट होत्या, आणि पॉलिसीत चालवायला नाव एकट्या त्यांचंच. अखेर त्याच आत बसल्या, वाकून त्यांचा पट्टा लावून दिला, आणि नजर रस्त्यावर ठेवून गाडी सुरू केली.