हळू फुंकणाऱ्या बाया

"पुसून घ्या बाई," डॉक्टर म्हणाले. आणि मी पुसलं.

धुळ्याचा दवाखाना. नाकाला चिमटा, तोंडात नळी, समोर मशीन. छातीत किती दम उरलाय ते त्यावर कळतं म्हणे. डॉक्टर ओरडत होते, "फुंका, फुंका, अजून, अजून!" मागे शिकणारी पोरंपोरी उभी. मी जीव एकवटून फुंकलं आणि लघवी सुटली. पातळ भिजलं, फरशीवर ओघळ आला. एक पोरगी तोंड दाबून हसली. डॉक्टर पोरांना म्हणाले, "म्हणून सांगतो, यांना आधी रिकामं करून आणत जा."

आमच्याकडे म्हशीशीसुद्धा धार काढताना गोड बोलतात.

लेकरं झालेली बाई मी. जोरात खोकलं तरी थेंब जातो. हे कोणाला सांगतात का? नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पदरानं फरशी पुसली आणि वर म्हटलं, "माफ करा साहेब." त्या माफीची लाज मला लघवीपेक्षा जास्त वाटते. आजही.

शिरपूरच्या जिनिंगमध्ये कापूस निवडण्यात माझी उमर गेली. तिथं रुईची धूळ, घरी चुलीत पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, धूर. तरी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "विडी ओढता?" दम्याच्या नव्या पंपाचा त्यांचा अभ्यास चालला होता. अभ्यासात नाव असेल तोवर पंप फुकट. तो ओढला की भाकरी थापताना मध्येच थांबावं लागत नव्हतं, रात्री आडवं होता येत होतं. पंप गेला तर मी गेले, एवढं मला कळत होतं. म्हणून निमूट पुन्हा गेले.

या खेपेला मी शहाणपण केलं. सकाळपासून पाणी प्यायले नाही. मांड्या आवळून हळूच फुंकलं. आकडा खाली आला. डॉक्टर तापले. "नाटकं करता का? औषध घेता की फेकता? असं चाललं तर नाव काढून टाकीन." मी मान खाली घातली.

बाहेर येऊन बाटली काढली. बाकावर नरडाण्याची एक म्हातारी अक्का बसली होती, ओठ सुकलेले. तिला आधी दिली. तिनं हात जोडले.

"नको वं माय. सकायपाईन घोटबी लिधा नही. फुकता फुकता सुटी जास. आम्ही बठ्ठ्या हळूच फुकतस."

बठ्ठ्या. सगळ्याच. बाकावर पाहिलं. भर उन्हाळ्यात एकीच्याही हातात पाणी नाही. समोर बायकांच्या संडासाला कुलूप. मला संताप आला, आधी माझाच. डॉक्टर लिहीत असतील, बायांना या औषधाचा गुण येत नाही. ते आमची छाती मोजतच नव्हते, आमची लाज मोजत होते. उद्या आमच्या पोरींना कोणतं औषध मिळणार ते यावरून ठरेल. आणि आम्ही सगळ्या मूग गिळून बसलेल्या.

मी उठून आत गेले.

"साहेब, आम्ही मुद्दाम हळू फुंकतो. लघवी सुटते म्हणून."

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. अक्का दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "खरं शे, साहेब."

डॉक्टर कागदांकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझा सगळा अभ्यास बिघडवलात तुम्ही."

आमचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही. मग मीच बोलले.

"संडास उघडा. ही पोरं बाहेर काढा. मशीनवर बाई बसवा, दार लावा. मग फुंकते."

"आणि नाव काढलं तर?"

"काढा."

छातीत शिट्टी वाजत होती. घाबरले नव्हते असं नाही. ते नुसतं "बघू" म्हणाले.

लाज गेलेली नाही. हे सांगतानाही कान तापलेत. पण पुढच्या खेपेला मी पोटभर पाणी पिऊन जाणार आहे. दार लागेपर्यंत नळी तोंडात धरणार नाही. पंप बंद झाला तरी नाही. आणि बाकावरच्या एकीलाही धरू देणार नाही.